ग्रहण, विळी आणि फॉलिक ॲसिड

परवा लेकीबरोबर म्हापशाला बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला गेले होते. आधी तिने फॉर्मवर सही केली, मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही म्हणून. १९९४च्या कायद्यापासून हे आलं.

माझ्या वेळी, १९८६ साली, डिचोलीजवळच्या आमच्या गावात तपासणी म्हणजे वजन, रक्तदाब आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पपई नको, अननस नको, ग्रहणात काही चिरू नको, एवढाच सल्ला. पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं. त्याची कवटीच तयार झाली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसली होतीस." मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं. आजही त्याचा राग येतो, त्यांचा नाही, त्या अज्ञानाचा.

१९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या अभ्यासातून सिद्ध झालं की आधी असं बाळ झालेल्या बाईने फॉलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व घेतलं, तर पुन्हा तसं होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी घटते. गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायची, कारण बाळाची मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८व्या दिवसापर्यंत मिटते; ती डोक्याकडे मिटली नाही, तर कवटी तयार होत नाही. तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं! लेकीने डॉक्टरांना माझी हकिगत सांगून गोळी आधीच सुरू केली होती.

बाळाच्या मानेमागची जाडी मोजून झाली. डबल मार्कर या रक्तचाचणीसाठी रक्त दिलं. त्यातून डाउन सिंड्रोमसारख्या जन्मजात दोषांची फक्त जोखीम कळते, निदान नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं.

मी एवढंच विचारलं, "डोकं?"

त्यांनी पडद्यावर पांढरी, अखंड गोल रेघ दाखवली. मी म्हटलं, पुन्हा एकदा दाखवाल?