दुर्मिळ काडतुसाची विंचेस्टर: आधी मोजा, मग भाव करा

नाशिकमधल्या जुन्या वाड्यातून विंचेस्टर, म्हणजे त्या कंपनीची जुनी अमेरिकी रायफल, निघाली की ‘१८७३ची आहे, लाखांत जाईल’ अशी चर्चा सुरू होते. पण १८७३ हे मॉडेलचं नाव. उत्पादन पुढे कित्येक वर्षं चाललं, सुमारे ७ लाख २० हजार नग बनले. ४४-४० (काडतुसाच्या मापाचं नाव) काडतुसाची रायफल त्यामुळे सहज सापडते. .२२ रिमफायरची (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या बारीक काडतुसाची) मात्र जेमतेम १९ हजार. १८८६ मॉडेलमध्ये ४५-७० नेहमीची. ३८-७० आणि ४०-७० दुर्मिळ, दिसली तर थांबून बघा.

थांबून म्हणजे शंका घेऊन. नळीवरचा काडतुसाच्या मापाचा छाप पुरावा नव्हे. नळी बदललेली असते, मोठ्या काडतुसासाठी पुन्हा कोरलेली असते किंवा आत नवी अस्तरनळी बसवलेली असते. नळीच्या तोंडाशी बारीक गोल सांधा दिसला तर अस्तरनळीच समजा. चेंबरचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) साचा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने काढून व्हर्नियरने मोजावा. मग अनुक्रमांक अमेरिकेतल्या कोडी संग्रहालयाच्या कारखाना-नोंदींशी ताडावा. अनेक नगांचं मूळ कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, तिथे मिळतं.

आणि कृपा करून पॉलिश नको! गंज दिसला की लोक बफ मारतात, अक्षरं पुसट होतात, कडा गोल होतात, किंमत तिथेच घसरते. पावसाळ्याआधी हलकं तेल पुरे. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं.

‘अँटिक आहे, परवाना कशाला?’ हा गैरसमज. शस्त्र कायदा १९५९ची सूट दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या हत्यारालाच आहे.