मावशीने सरळ विचारलं

हे लिहू की नको करत दोन वर्षं गेली. तीनदा लिहून ठेवलं, तीनदा काढून टाकलं, कारण आमच्याकडे बाळंतपणाबद्दल बोलायचं म्हणजे पेढे, बारशाचे फोटो आणि डिंकाचे लाडू किती संपले एवढंच. पण गेल्या महिन्यात कराडला चुलत बहिणीकडे जाऊन आले आणि ठरवलं की आता लिहायचंच.

आधी एक सांगते. या पोस्टमध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल लिहिलंय. तुम्हाला आत्ता या घडीला तसं वाटत असेल तर हे नंतर वाचा, आधी १४४१६ ला फोन लावा. टेली मानस आहे ते, सरकारी, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि घरात जे कोणी असेल त्याच्या शेजारी जाऊन बसा, तोंडातून शब्द नाही फुटला तरी चालेल, पण एकटं नका राहू.

तर, २०१९ चा जुलै. पहिली डिलिव्हरी, सिझर झालं, मुलगी झाली, आणि मी साताऱ्याला माहेरी शाहूपुरीत. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा रविवारी रात्री जायचा. पाऊस असा की दुपटी वाळतच नव्हती, आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवायची आणि सगळ्या घराला ओव्याच्या धुरीचा नि ओल्या कपड्यांचा वास. घरात सगळं नीट होतं. भांडण नाही, पैशाची ओढ नाही, मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य हेच, "पण तुला कमी काय होतं?"

कमी काहीच नव्हतं. पहिले आठ-दहा दिवस रडू यायचं, ते बहुतेक बायकांना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं, हे मला आता माहितीये. माझं ओसरलं नाही. उलट रडणं थांबलं आणि त्याच्या जागी काहीच उरलं नाही. बाळ रडायचं, मी घ्यायचे, पाजायचे, खाली ठेवायचे, सगळं हात करत होते. झोप तर बाळ झोपलं तरी येत नव्हती, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे आणि डोक्यात एकच हिशोब चालू.

हिशोब हाच शब्द बरोबर आहे. लोकांना वाटतं असा विचार म्हणजे काहीतरी मोठा आकांत असणार. माझ्या डोक्यात तो वाण्याच्या वहीसारखा यायचा, शांतपणे. आईची पाठ दुखतेय माझ्यामुळे. नवऱ्याची दगदग माझ्यामुळे. पोरीला नीट आई मिळाली असती तर बरं झालं असतं. मी नसले तर सहा महिने रडतील, मग सगळ्यांचं मार्गी लागेल. आणि हे मला अगदी पटलेलं असायचं, म्हणजे मी त्यांच्यावर रागावून नाही तर त्यांच्या भल्यासाठीच असा विचार करतेय असं वाटायचं. म्हणून कुणी आत्महत्या करणाऱ्याला स्वार्थी म्हणालं, पळपुटा म्हणालं की माझ्या पोटात ढवळतं. त्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी स्वतःचा फायदा नसतो हो, त्याला खरंच वाटत असतं की आपण सगळ्यांच्या अंगावरचं ओझं आहोत. ते खोटं असतं, पण आजार ते त्याच्याच आवाजात बोलतो त्यामुळे त्याला ते ओळखू येत नाही.

आणि मला मरायचं होतं असंही नाही. हे आत्ता शांत डोक्याने लिहिताना कळतं. मला ते जे चाललं होतं ते थांबायला हवं होतं. सुरुवातीला फक्त "झोपावं आणि उठूच नये" इतकंच होतं, मग ते पुढं सरकलं. किती पुढं, कसं, ते मी इथं लिहिणार नाही. कुणीच लिहू नये असं माझं मत आहे, व्हॉट्सॲपला असल्या बातम्या सगळ्या तपशिलासकट फिरवतात ना, त्या काठावर बसलेला माणूस वाचत असतो. उलट अशा विचारातून बाहेर आलेल्यांच्या गोष्टी छापल्या की आत्महत्या कमी होताना दिसतात असं ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात २०१० साली मांडलंय. म्हणून तर हे लिहायला बसले.

घरी माणसांची ये-जा भरपूर. आशाताई यायच्या, त्यांचे दिवस ठरलेले असतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाई फार चांगल्या, पावसात छत्री उलटी होत यायच्या, बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, टाक्यांचं विचारायच्या, दूध पुरतंय का विचारायच्या. त्यांचा काही दोष नाही, पण त्यांच्या वजनकाट्यावर बाळ होतं आणि मी त्या काट्याशेजारी बसलेली. शेजारच्या काकू आल्या, आत्या आली, मैत्रिणी आल्या, सगळ्यांनी बाळाचं नाक कुणासारखं ते बघितलं.

विचारलं ते मावशीने.

मावशी म्हणजे बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई. जावळीतल्या, मेढ्याकडच्या, लग्न होऊन साताऱ्यात आलेल्या, साठीच्या पुढच्या. पाय लांब सोडून बाळाला नडगीवर पालथं घेऊन असं तेल चोळायच्या की बाळ रडता रडता झोपून जायचं. त्या दिवशी माझ्या पाठीवर पाणी घालत होत्या. बंबातलं पाणी विसण घालायच्या आधीच तांब्या ओतला गेला, चुकून, आणि ते चटका बसेल इतकं कढत होतं. मी हूं की चूं केलं नाही. हललेही नाही.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. समोर येऊन उकिडव्या बसल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? जीव नकोसा झालाय का तुला? मरावं वाटतंय व्हय?"

मला आजही तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो. आवाज बारीक केला नव्हता, आडवळण घेतलं नव्हतं, "उगीच काही डोक्यात आणत नाहीस ना" असं नाही म्हणाल्या, ज्याचं उत्तर "नाही"च द्यावं लागतं. सरळ विचारलं. आणि मी हो म्हणाले. पहिल्यांदा कुणासमोर तरी हो म्हणाले आणि मग जे रडले ते बाळाला पाजायची वेळ होईपर्यंत.

त्यांनी मला गप्प बस असं म्हटलं नाही, समजावलं नाही, बाळाकडे बघ म्हणाल्या नाहीत. नंतर केस पुसता पुसता सांगितलं. "माझी धाकटी भन व्हती. ती बी अशीच गप झाली व्हती. समद्यांस्नी दिसत व्हतं. आमी कुनी इचारलं न्हाय, म्हनलं इचारलं तर नसलेलं डोक्यात यील." एवढंच. बहिणीचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल, ही भीती सगळ्यांना असते, शिकलेल्यांनाही. पण याच्यावर जगभर अभ्यास झालेत आणि त्यांत निघालेलं हेच, की विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही, आणि ज्याच्या डोक्यात आधीच असतो त्याला उलट जरा हलकं वाटतं. मला हे अभ्यास नंतर कळले, अनुभव आधी आला.

मी मावशींना शपथ घातली, आईला सांगू नका. त्या म्हणाल्या, "मी सांगनार. तू रागव." आणि सांगितलं. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि आज वाटतं की त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच. कुणी तुम्हाला असं काही सांगून "कुणाला बोलू नको" म्हणालं तर तो शब्द पाळू नका. नंतर राग काढेल, काढू दे, राग काढायला माणूस तर राहील.

आईने आधी दृष्ट काढली. मीठ-मोहरी, सगळं. तिला बोल लावत नाही मी, तिला त्या घडीला तेच येत होतं आणि ते करताना तिचा हात थरथरत होता. एका डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले सगळ्यांनाच होतं, बाळात मन रमवा. मग मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर काकांनी खोडा घातला, असलं काही कागदावर आलं तर पोलिस केस होते म्हणे. विचार येणं हा गुन्हा नव्हताच कधी. आणि प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की तो प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं, शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं सरकारचं काम. ज्याची सगळे भीती घालायचे ते जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेबरोबरच गेलं. हे घराघरात माहिती पाहिजे, नुसत्या पोलिसांच्या भीतीने माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे गेलोच. त्यांनी एक फॉर्म दिला, दहा प्रश्नांचा, एडिनबर्गमध्ये १९८७ साली खास बाळंतिणींसाठी बनवलेला. हसू येतं का, झोप लागते का, असं करत करत दहावा प्रश्न, स्वतःला इजा करायचा विचार येतो का. म्हणजे मावशीचाच प्रश्न. दहा प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. बाळाच्या वजनाबरोबर हे का नाही विचारत? भारतात केलेले अभ्यास एकत्र करून बघितलं तर बाळंतपणानंतर शंभरातल्या बावीस जणींना डिप्रेशन येतं असा अंदाज निघालाय, म्हणजे दर पाच खाटांमागे एक खाट. आणि एनसीआरबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाची, २०२२ ची आकडेवारी बघा, देशभरात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्यात गृहिणी २५,३०९ देशभरात. यांच्यापैकी किती जणींना कुणी सरळ विचारलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

गोळ्या सुरू झाल्या, अंगावर पाजताना चालतील अशा, डॉक्टरांनी नीट समजावून. लगेच काही झालं नाही, दोन-तीन आठवडे गेले. त्या मधल्या दिवसांसाठी डॉक्टरांनी एका कागदावर माझ्याच हाताने लिहून घेतलं. माझं बिघडायला लागलं की आधी काय होतं (माझं जेवण सुटतं आणि मी फोन उचलत नाही). मग मी काय करायचं. मग कुणाला उठवायचं, रात्री तीन वाजले तरी, नावं आणि नंबर. घरातल्या ज्या वस्तूंची मला भीती वाटत होती त्या आईने गोदरेजच्या कपाटात घातल्या आणि किल्ली कमरेला. मला वाटलेलं याने काय होणार, ज्याला करायचं तो करतोच. पण तसं नसतं. तो विचार चढतो आणि उतरतो, कायम त्याच टोकाला राहत नाही, आणि चढलेला असताना मधे थोडं अंतर असलं, कुणी माणूस जागं असलं, तर तो उतरायला वेळ मिळतो. मी दोनदा आईला उठवलं. दोन्ही वेळा तिने काही विचारलं नाही, चहा टाकला, आणि आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिलो उजाडेपर्यंत. नवऱ्याने दोन महिने घरून काम मागून घेतलं. नोव्हेंबरात परत एकदा घसरले, त्याचं फार वाईट वाटलेलं, पण त्यावेळी कागद होता.

मावशींचं काम दीड-दोन महिन्यांत संपलं, त्या दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या. पण दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. "जेवलीस का? पोरगी काय म्हनती? बरं, ठिवते." अर्धा मिनिट. कशी आहेस हेसुद्धा नाही, कारण त्याचं उत्तर द्यायचं ओझं असतं. खूप नंतर वाचलं की सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी नेमकं हेच करून बघितलं होतं, दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ जण, त्यातल्या निम्म्यांना अधूनमधून साधं छोटं पत्र पाठवायचं, तुमची आठवण आहे, बरे असाल, बस, काही मागायचं नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्र मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. पत्राने! मला ते वाचून मावशींचा "बरं, ठिवते" आठवला. अजून येतो फोन, सोमवारीच.

लेक आता पहिलीत आहे.

तर कराड. चुलत बहिणीला मुलगा झालाय, खोली माणसांनी भरलेली, ती भिंतीला टेकून बसलेली आणि हसायचं तेवढं हसतेय. सगळे जेवायला उठले तेव्हा मी मागे थांबले. दार लोटलं आणि विचारलं, सरळ. तोंड कोरडं पडलं होतं माझं, सांगते, एवढं सगळं होऊनही विचारणं सोपं नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही गं ताई, तसं नाही. पण चार दिवस झाले, सलग एक ताससुद्धा झोपले नाहीये मी, आणि हे कुणाला सांगू?"

मी बाळ घेतलं आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं की आत कुणी जायचं नाही. ती अडीच तास झोपली.