मधला काप

प्रवासी जहाजावरच्या सिगार लाउंजमध्ये मी काउंटर सांभाळते. स्वतः ओढत नाही. धूर छातीत घेतला नाही की सिगार निरुपद्रवी, असं मला कुणी ना कुणी रोज ऐकवतं. ते खरं नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला धूर फुप्फुसापर्यंत जायची गरज नसते. पण सिगार कापणं, साठवणं, फाटलं पान सांधणं ही हाताची कामं मला मनापासून आवडतात. त्या हातकामाचा कस लागला तो दोन म्हाताऱ्या भावांमुळे.

जहाज सुटलं त्याच संध्याकाळी दोघं आले. थोरल्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक सिगार काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हिचे दोन करायचेत. आज नाही, शेवटच्या रात्री."

हिशेब साधा होता. ऐन तिशीत दोघांनी मिळून पंचवीसचा डबा घेतला होता. भेट झाली की प्रत्येकी एक ओढायची, असं ठरलेलं. देश वेगळे, संसार वेगळे, त्यामुळे भेटी मोजक्याच. बारा भेटींत चोवीस संपल्या आणि एक उरली. ती कुणी ओढायची यावर वाद नव्हता. अर्धी-अर्धी करायची हे पक्कं होतं. वाद होता तो सेलोफेनवर.

थोरल्यांचं म्हणणं, सेलोफेन काढायचंच नाही, त्याच्यासकट कापायची, नाहीतर पानाचा चुरा होईल. धाकट्यांचं म्हणणं, सेलोफेन पात्यात अडकतं, चुरगळतं, आणि सिगार कापली न जाता चेपली जाते. आधी काढा, मग कापा. "मी आयुष्यभर काढूनच कापत आलोय," असं धाकटे म्हणाले. "आणि अर्ध्या सिगारींच्या तोंडाची लक्तरं करत आलायस," असं थोरले.

मी सिगार हातात घेतली. सात इंच लांब, ४८ रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा ४८ म्हणजे बरोबर पाऊण इंच जाडी. सेलोफेन मधासारखं पिवळं झालेलं. तंबाखूतली तेलं वर्षानुवर्षं त्यात उतरत जातात, म्हणून जुन्या सिगारीचं वय आधी तिच्या सेलोफेनवर दिसतं. स्विस रसायनतज्ज्ञ ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ साली हे सेलोफेन तयार केलं, ते लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून. दिसतं प्लास्टिकसारखं, पण साध्या सेलोफेनमधून पाण्याची वाफ हळूहळू आरपार जाते. सिगारवाल्यांना नेमकं हेच हवं असतं.

कानाजवळ धरून बोटांनी अगदी हलकेच दाबली तर कुरकुर आवाज आला. कोरडी ठक्क. शेवटची काही वर्षं डबा नुसता कपाटात पडून होता, असं धाकट्यांनी कबूल केलं. थोरल्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

तेव्हाच कापली असती तर सेलोफेन असो वा नसो, निकाल एकच लागला असता. पण प्रवास लांबचा होता आणि तोच आमच्या कामी आला. आधी दिव्याखाली धरून पानावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का ते तपासलं. तशी भोकं म्हणजे तंबाखूतला भुंगेरा, आणि अशी एक सिगार ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारी ठरावीक ओलाव्यात ठेवायच्या कपाटात गेली, तर बाकीच्या शेकडो धोक्यात. भोकं नव्हती. मग ती सेलोफेनसकट ह्युमिडॉरच्या सगळ्यात खालच्या फळीवर, पाण्याच्या पेटीपासून लांब ठेवली. आत ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो. कोरड्या सिगारीला तो एकदम मिळाला की आतली पानं फुगतात, वरचं पातळ पान तेवढं ताणलं जात नाही आणि उभं तडकतं. सेलोफेनमुळे ओलावा दमादमाने आत जातो. तेव्हा या टप्प्यावर ते काढायचा प्रश्नच नव्हता. थोरल्यांना हे सांगितलं तर ते जिंकल्यासारखे हसले. "हे साठवण्यापुरतं," मी म्हणाले, "कापायचं अजून ठरलेलं नाही."

ते खरंच ठरलं नव्हतं. रोजच्या कामात मी सेलोफेन आधी काढते, डोळे झाकून. एरवी सिगारीचं डोकं, म्हणजे तोंडात धरायचं टोक कापतात. तिथं कॅप असते, पानाचाच एक गोल तुकडा, वनस्पतीच्या डिंकाने बसवलेला. सगळं वरचं पान त्या कॅपने बांधलेलं असतं. काप घ्यायचा तो कॅपच्या आत, टोकापासून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर. कॅप जिथं संपते ती बारीक रेघ ओलांडून पातं खाली गेलं की बांधणीच सुटते आणि ओढता ओढता पान उलगडायला लागतं. ही रेघ सेलोफेनमधून नीट दिसत नाही. शिवाय त्या टोकाला सेलोफेन दुमडलेलं किंवा चिकटवलेलं असतं, सिगारीपेक्षा थोडं लांबही असतं, त्यामुळे अंगठ्याला डोक्याची गोलाई कळत नाही. काही जण कटरच्या भोकातून सेलोफेनसकट टोक घालतात, कचरा सांडत नाही म्हणे. त्यांच्या सिगारी नंतर माझ्याकडेच येतात, डिंक लावायला. (एका पाहुण्याला मी 'वरचं काढा' म्हटलं तर त्याने सेलोफेन काढून झाल्यावर खालचं पानही सोलायला घेतलं होतं. तेव्हापासून मी बोट दाखवून सांगते.)

पण मध्यावर कॅप नसते. तिथं रेघ शोधायची नसते, नजरेला काम नसतं. तिथं भीती वेगळीच.

आमच्याकडे एका खोक्यात वाया गेलेल्या सिगारी जमा होतात: बोट घुसलेल्या, पान फाटलेल्या, कुणी अर्ध्यात टाकलेल्या डब्यातल्या. दुपारी लाउंज रिकामं असताना त्यातल्या काही मी मधोमध कापून बघितल्या, अर्ध्या सेलोफेन काढून, अर्ध्या तशाच. सेलोफेन काढलेल्यांची गत बघवत नव्हती. दोन पात्यांचा कटर, पाती नवी, तरी काप पुरा व्हायच्या आत पान उभं चिरायचं. डोक्याकडे पान कॅपखाली आवळलेलं असतं; मध्यावर त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं, आणि पात्याचा दाब आला की ते बाजूला पळतं. सेलोफेनसकट कापलेल्यांमध्ये पान शाबूत राहिलं, पण धाकटे म्हणत होते तेही झालं. ढिलं सेलोफेन पात्यांमध्ये गोळा झालं आणि काप तिरका गेला.

उपाय त्या ढिलेपणातच होता. सेलोफेन मध्यावर घट्ट ओढून, जास्तीचं एका बाजूला चापून त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा दिला. पट्टी सेलोफेनवर बसते, पानाला लागत नाही. उघड्या पानावर पट्टी लावली असती तर काढताना पानच सोबत आलं असतं. त्या वेढ्याच्या मधून कटर एका दमात मिटला, आणि दोन्ही तोंडं गुळगुळीत निघाली. रेंगाळायचं नाही, एवढं एकच पथ्य. कटर हळूहळू दाबला की सिगार कापली जाण्याआधी चेपते.

एक गोष्ट मात्र त्या खोक्यातल्या सिगारींनी मला नव्याने दाखवली. कापून झाल्यावर दोन्ही अर्धुकं सारखी नसतात. कारागीर वरचं पान पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून गुंडाळायला सुरुवात करतो आणि तिरके वेढे देत डोक्यापर्यंत नेतो, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढलेला. म्हणजे डोक्याकडच्या अर्धुकाला काही होत नाही. त्याची कॅप जागेवर आहे आणि खालचं नवं तोंड हे कुठल्याही सिगारीच्या पायासारखंच आहे. पाय तर कारखान्यातही कापूनच सारखा करतात. खरी पंचाईत पायाकडच्या अर्धुकाची. त्याचं पान जिथं बांधलेलं होतं ते टोकच गेलेलं. ते तोंडात धरलं, ओलं झालं, की वरून उलगडायला सुरुवात. थोरले ज्याला 'लक्तरं' म्हणत होते ती ही. सेलोफेन काढण्या-न काढण्याचा त्यात काही दोष नव्हता.

शेवटच्या रात्री दोघं जेवण आटोपून आले. सिगार आता दाबल्यावर किंचित लवत होती, कुरकुर थांबली होती. मी मध्य मोजला, खूण केली, सेलोफेन आवळलं, पट्टीचा वेढा दिला. धाकटे काउंटरवर कोपरं टेकून उभे. "काढत नाही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. थोरल्यांनी घसा खाकरला. कटरच्या भोकातून सिगार मध्यापर्यंत सरकवली आणि पाती मिटली.

सरळ काप. आतल्या पानांच्या घड्या दोन्ही तोंडांवर स्वच्छ दिसत होत्या, भुगा चिमूटभर. थोरल्यांनी खिशातून नाणं काढलं. चिठ्ठ्या नकोत, फसवतोस, असं ते धाकट्यांना म्हणाले. डोक्याकडचं अर्धुक धाकट्यांच्या वाट्याला गेलं, त्यामुळे थोरले थोडे हिरमुसले. सिगारीचा नाव छापलेला बँड तिकडेच होता.

आधी पायाकडच्या अर्धुकाचं काम घेतलं, कारण त्याला वाळायला वेळ लागणार होता. त्याचं सेलोफेन पायाच्या दिशेने सरकवत काढलं. पानाच्या वेढ्यांच्या मोकळ्या कडा पायाकडे तोंड करून असतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं त्यांच्या कलाने गेलं तर त्या उचलल्या जात नाहीत, उलटं ओढलं तर एखादी हटकून उचलते. मग कापलेल्या कडेला ब्रशने डिंकाचं अगदी पातळ बोट फिरवलं. सिगारींना लावतात तो डिंक बहुतेकदा पेक्टिनचा असतो, त्याला वास नाही, चव नाही. खोक्यातल्या एका सिगारीचं त्याच रंगाचं पान ओलं करून मी बोटाच्या नखाएवढी रुंद पट्टी आधीच कापून ठेवली होती. ती त्या कडेभोवती गुंडाळून चिकटवली. कॅप नव्हे, पण कॅपचं काम करील इतपत. तोंड आधीच उघडं, त्यामुळे तिथं आणखी कापायचं काही नव्हतं.

तेवढ्यात धाकट्यांच्या अर्धुकाकडे वळले आणि त्याचं सेलोफेन काढून टाकलं.

"आता काढलंस?" हे थोरले. इतके दिवस मला ते 'तुम्ही' म्हणत होते.

"आता डोकं कापायचंय. इथं रेघ दिसायला हवी."

कॅप थोडी कोरडी वाटली. कोरडी कॅप कापताना तडकते, म्हणून धाकट्यांना ती क्षणभर ओठांत धरायला सांगितली. नुसती ओलसर व्हायला हवी, भिजायला नको. मग अंगठ्याने गोलाई चाचपली, रेघ बघितली आणि रेघेच्या वर दोन मिलिमीटरचा काप घेतला. फार लहान भोक ठेवलं तर धूर कोंडतो, जोराने ओढावं लागतं, सिगार तापते आणि चव कडवट होते. न पेटवता एक झुरका घ्यायला सांगितला. हवा मोकळी येत होती. बँड काढू का, असं धाकट्यांनी विचारलं. पेटवून थोडी गरम होऊ द्या, मी म्हणाले. बँडचा डिंक कधी पानालाही लागलेला असतो, गार असताना ओढला तर इतकं सांभाळलेलं पान तिथं फाटायचं.

पंधरा-वीस मिनिटांत थोरल्यांच्या अर्धुकावरची पट्टी वाळली. साडेतीन इंचांच्या सिगारी लवकर तापतात, तेव्हा मिनिटाला एकाहून जास्त झुरके नकोत, एवढं बजावलं आणि पेटवून दिल्या. चव कशी होती ते मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळणार. धाकटे म्हणाले, पूर्वीचा तिखटपणा गेला. थोरले म्हणाले, तिखटपणा गेला नाही, तुझी जीभ गेली.

माझं लक्ष मात्र त्या पट्टीवर होतं. अर्ध्याहून जास्त जळेपर्यंत तिने दम धरला. शेवटी शेवटी तिचं एक टोक ओलं होऊन उचललं, थोरल्यांनी ते बोटाने दाबलं आणि पुढे ओढत राहिले. पान उलगडलं नाही.

जाताना धाकटे परत काउंटरवर आले. थोरले मागेच. "एवढं सांगा," धाकटे म्हणाले, "सेलोफेनबद्दल बरोबर कोण होतं?"

मी म्हणाले, मधल्या कापाला तुमचे दादा, डोक्याच्या कापाला तुम्ही.

"म्हणजे बरोबरी," धाकटे म्हणाले.

"बरोबरी कसली?" थोरले म्हणाले. "मधला काप आधी झाला." आणि दोघं भांडत भांडत डेककडे निघून गेले.