नूराबादचा पूल आणि आत्याची घाई

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे निघालेली गाडी मोरेन्यात गजक घ्यायला हमखास थांबते. त्याआधी लागणाऱ्या नूराबादला मात्र कुणी ब्रेकसुद्धा दाबत नाही. किल्ला, जयविलास, तानसेनाची समाधी हे सगळं रीतसर उरकलं होतं (गर्दी, सेल्फी, असो). सांक नदीवरच्या मोगली पुलासाठी मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याशी चक्क भांडावं लागलं. "येता-जाता दिसतो की तो! त्यात काय बघायचं?"

वरून खरंच काही कळत नाही. टोकाचे मिनार सोडले तर नुसता रस्ता. बाभळीचे काटे खात खाली उतरलो, तेव्हा खरा पूल दिसला. टोकदार कमानी, आणि त्यांच्यामधले खांब असे जाडजूड की नदीची निम्मी वाट त्यांनीच अडवल्यासारखी वाटते. ही जाडी हौसेची नाही. कमान वजन सरळ खाली सोडत नाही, बाजूंना रेटते. शेजारची कमान उलट रेटते तोवर ठीक. पण एक ढासळली तर सगळा रेटा एकट्या खांबाने सोसायचा. पुरात याची किंमत मोजावी लागते. जागा कमी, म्हणून पाणी वरच्या अंगाला तुंबतं आणि कमानींतून मुसंडी मारत पायाची माती खरवडतं. तरीही घडीव दगड नि चुन्याच्या जोरावर हा उभा! मी मान वर करून बघतच राहिलो. वर हॉर्न वाजत होता.

आग्र्याहून दख्खनेत उतरायची मोगलांची वाट हीच. 1760 च्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांची फौज ग्वाल्हेरहून चंबळेकडे गेली, तीही याच बाजूने. ऐन ज्येष्ठात सांकेला पाणी ते किती असणार? पण तोफांचे गाडे मातीच्या उभ्या काठांवरून उतरवायचे-चढवायचे म्हणजे पाण्यापेक्षा वाईट. पूल त्यासाठीही लागतो.

नूराबादलाच गुन्ना बेगमची कबर आहे. नवरा गाझीउद्दीन इमाद-उल-मुल्क: मराठ्यांच्या बळावर दिल्लीचा वजीर झाला आणि 1759 मध्ये दुसऱ्या आलमगीर बादशहाचा खून करवला. बायको कवयित्री. कबरीवर 'आह गम-ए-गुन्ना बेगम' (हाय, गुन्ना बेगमचं दुःख) अशी ओळ आहे. फारसीत प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा असतो; या ओळीतले आकडे मिळवले की 1189 येतं. हिजरी साल, म्हणजे आपलं 1775. मेल्यावर असा हिशेब बेगमच्या वाट्याला आला, वजिराला तेवढं कोण लिहिणार!

हे सगळं आत्याला ऐकवलं. "मग मलाही खालून बघू दे," म्हणाली. पण पायऱ्या कुठेच दिसेनात, काठावर बाटल्यांचा खच, आणि तिचे गुडघे सत्तरीचे. शेवटी माझ्या मोबाईलवर फोटो बघितले तिने, तेही उन्हात धड दिसत नव्हते.