प्रकाशाला चालवल्यावर दुर्बीण: शाळेतल्या आकाशदर्शनाची नोंद

तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर चालवलेला उपक्रम आता दीर्घिकांपर्यंत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांपर्यंत, पोचलाय. दुर्बीण मी मुद्दामच मागे ठेवली. आधी शनीची कडी दाखवली की मुलं खूश होतात खरी, पण अंतराचा विषय तिथेच बारगळतो.

सुरुवात मैदानावर. माप एकास दहा अब्ज. सूर्य १४ सेंटिमीटरचा, म्हणजे मध्यम पपनस. पृथ्वी मोहरीचा दाणा, १५ मीटरवर. गुरू ही गोटी, ७८ मीटरवर कुंपणाला. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, एसटीच्या थांब्याजवळ. इथवर आपण सगळेच करतो. मला मजा आली ती प्रकाशाला चालवण्यात. या मापात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दर दहा सेकंदांना एक फूटपट्टी. जमिनीवर फक्कीने खुणा केल्या, एका मुलीला प्रकाश केलं, एकाला घड्याळ आणि ताट-चमचा दिला. ठोका पडला की एक खूण पुढे. पपनसापासून मोहरीपर्यंत पन्नास ठोके, ८ मिनिटं २० सेकंद. तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ, पाचव्याला आरडाओरडा: ‘‘सर, पळू दे की तिला!’’ नाही पळता येत. गुरू गाठायला पाऊण तास लागला असता, तो नाद सोडला.

मग प्रॉक्झिमा, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, कुठे ठेवायचा? चार हजार किलोमीटरवर. नकाशावर मोजलं तर सिंगापूरच्या जरा पुढे. त्याच चालीने न थांबता गेलं तर सव्वाचार वर्षं. ‘‘म्हणजे ही दहावीत पोचणार,’’ सहावीतल्या एकाने लगेच हिशोब केला. प्रकाशवर्षाची व्याख्या फळ्यावर लिहायची गरजच उरली नाही.

फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपास रात्रीचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसाच्या वयाचा तारा शोधायचा, म्हणजे ज्याचा आज दिसणारा प्रकाश त्या माणसाच्या जन्माच्या सुमारास निघाला असा. व्याध ८.६ प्रकाशवर्षं, धाकट्या भावंडांसाठी. प्रश्वा साडेअकरा, तो बहुतेकांनी स्वतःसाठी पटकावला. पुनर्वसूतला पोलक्स ३४, आईबाबांचा. शेजारचा कॅस्टर मात्र ५१, दिसायला जुळे असले तरी. आजीला रोहिणी, ६५. पूर्वेला नुकती वर आलेली मघा ७९, ती एका पणजोबांच्या वाट्याला गेली. कृत्तिकांशी, सुमारे ४४० वर्षांशी, आल्यावर घरातली माणसं संपली आणि शिवाजी महाराजांच्याही आधीचा काळ सुरू झाला.

आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, त्यानंतर काढली. वायव्येला उतरलेली देवयानी दीर्घिका दाखवली. धुरकट ठिपका, बाकी काही नाही. रंगीत फोटो आधी दाखवत जाऊ नका, हे माझं ठाम मत. फोटो पाहिलेला मुलगा ठिपक्यावर रुसतो.

तो ठिपका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, आणि पपनसाचं माप इथे कामाचं नाही. म्हणून माप बदललं: आपली आकाशगंगा म्हणजे ३० सेंटिमीटरचं ताट. सूर्य मध्यापासून आठ सेंटिमीटरवर. नुसत्या डोळ्यांनी सुटे दिसणारे बहुतेक तारे सूर्याभोवतीच्या काही मिलिमीटरांत मावतात. देवयानीचं ताट मोठं, पण अवघ्या साडेसात मीटरवर, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. इथे मी जास्त वेळ थांबलो. सूर्य पपनसाएवढा धरला तर शेजारचा तारा शोधायला सिंगापूर ओलांडावं लागतं, आकाशगंगा ताटाएवढी धरली तर शेजारची मोठी दीर्घिका मात्र पंचवीस ताटं सोडून. दीर्घिका एकमेकींत घुसतात, पण त्यांतले तारे सहसा आदळत नाहीत, याचं कारण मुलांनीच सांगितलं.

पुढच्या अमावास्येला सप्तर्षीकडच्या एम ८१ आणि एम ८२ या दोन दीर्घिका. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं, ताटाच्या मापाने ३६ मीटर, म्हणजे मैदानात बसतात. त्या रात्री हायमास्टचा दिवा तासभर बंद ठेवायला सरपंच कबूल झालेत.