आमटीत डाळ किती?

पिढ्यानपिढ्या शाकाहारी घर, अंडंसुद्धा वर्ज्य, तरी पोट सुटलेलं आणि चाळिशीतच रक्तातली साखर वाढलेली. महाराष्ट्रात अशी घरं इतकी आहेत की शाकाहाराने नेमकं होतं काय, असा प्रश्न कुणालाही पडावा. पण साबुदाण्याची खिचडी, खारी, शेव, बटाटेवडा, साखरेचा सरबतही वनस्पतीजन्यच की! हार्वर्डच्या संशोधकांनी हाच फरक २०१६ आणि २०१७ मध्ये मांडला. अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे यांवर भर असणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं. मैदा, बटाटा, गोड पेयं असा ‘शाकाहार’ करणाऱ्यांत हृदयविकार उलट जास्त होता.

आपल्या बाबतीत वजनकाट्यावरही विसंबता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात. घरच्या घरी कंबर मोजणं जास्त उपयोगी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडायचा आणि पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर ताट बदलायला हवं.

बदलायचं म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार कॅलरींच्या दिवसाचं गणित दिलं आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४०० (त्यांत पालेभाजी १००), फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, आणि दूध-दही ३०० मिली. धान्य, डाळी ही वजनं कोरडी, शिजवण्याआधीची. बैठं काम असेल आणि वजन उतरवायचं असेल तर धान्य आणि तेल याहूनही कमी करावं. डाळ आणि भाजी मात्र कमी करू नये.

खरी गोम डाळीतच आहे. चौघांच्या आमटीला अर्धी वाटी तूरडाळ घातली, तर ती साधारण ६० ग्रॅम भरते. म्हणजे माणशी १५ ग्रॅम डाळ आणि प्रथिनं जेमतेम सव्वातीन ग्रॅम. उरलेलं पोट मग भात आणि पोळीने भरतं. ८५ ग्रॅम गाठायचे तर दोन्ही जेवणांत डाळ दाट हवी आणि एका वेळी उसळ हवीच. मटकी, मूग, मसूर, चवळी, वाल, हरभरे आलटून पालटून करावेत. माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी रात्री भिजवायची, सकाळी पाणी ओतून द्यायचं, ओल्या फडक्यात सैल बांधून उबदार जागी ठेवायची. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर लागतो. फडकं घट्ट बांधलं किंवा पाणी नीट निथळलं नाही, तर मटकी चिकट होते आणि वास मारते. अशी मटकी टाकूनच द्यावी. पिठलं, मुगाचं धिरडं, डाळ-मेथी हेही याच हिशोबात धरावं.

एकदम इतकं कडधान्य सुरू केलं की गॅस होतो आणि लोक आठवड्यात सोडून देतात. आठवड्याला अर्धी अर्धी वाटी वाढवावी, सुरुवात मूग-मसुरापासून करावी, हरभरा-राजमा शेवटी. फोडणीत हिंग-आलं घालावं आणि पाणी जास्त प्यावं.

भाकरी ‘हलकी’ म्हणून दोन-दोन खाल्ल्या जातात. ज्वारीच्या एका भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ लागतं, पोळीला साधारण ३०. पिठाच्या दृष्टीने एक भाकरी म्हणजे अडीच पोळ्या. ज्वारी-नाचणी उत्तमच, पण संख्या पोळीच्या सवयीने ठरवू नये.

तेल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पिशवीवर फोडल्याची तारीख लिहावी. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या पुढे जाऊ नये. चौघांच्या भाजीला चार चहाचे चमचे तेल पुरतं. लहान लोखंडी कढई थोडी कलती धरली की तेल एका जागी जमतं आणि मोहरी नीट तडतडते. मग भाजी घालून झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. लागायला आली तर तेच गरम पाणी आत सोडावं. दाण्याचं कूट आणि ओलं खोबरंही मोजून घालावं, कारण दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरावर कॅलरी.

उपासाचं फराळही पाहायला हवं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी आणि दही चालतं.

पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळावं. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा, चहा ते लोह शोषू देत नाही.

दूधही सोडणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यायलाच हवी. मोड आलेली कडधान्यं, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना नावाचं शेवाळ यांवर विसंबू नये. डाळी आणि पालेभाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे बी-१२ कमी असूनही रक्तक्षय झाकला जातो आणि नसांना इजा होत राहते. पायांत मुंग्या येणं हे त्याचं एक लक्षण. दूध-दही घेणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ही उणीव सर्रास दिसते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ती आणखी वाढते, त्यांनी तपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ताट बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं. भात-पोळी कमी होऊन औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते. किडनीचा आजार असेल, तर वरचं डाळीचं माप स्वतःहून लावू नये.