रँक हाती आल्यानंतर: मेडिकल कॉलेजांची यादी मी कशी लावली

नीटचा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक माणूस मार्क विचारतो. कॉलेज निवडायला मात्र मार्क फारसे कामाचे नसतात. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरसुद्धा १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये, म्हणजे माझ्या वर्षी, पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आलेल्या मुलालाच ६८६ मिळाले. आधीच्या वर्षीच्या मार्कांवरून माझा अंदाज बांधणारे नातेवाईक त्यामुळे हळहळत होते, आणि माझी रँक त्यांना वाटत होतं त्याहून बरीच चांगली होती. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: मार्कांचा कागद बाजूला ठेवा आणि ऑल इंडिया रँक, कॅटेगरी आणि राज्याच्या मेरिट लिस्टमधला क्रमांक एवढंच समोर घ्या.

दुसरी गोष्ट, "क्वालिफाय झाली" याचा अर्थ प्रवेश मिळाला असा होत नाही. माझ्या वर्षी बावीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली, बारा लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी फीच्या जागा आणखी कमी. आजीने निकालाच्या दिवशीच पेढे वाटले, ते छानच झालं, पण खरं काम त्यानंतर सुरू झालं.

आमचं घर इंदूरचं, तीन पिढ्यांपासून. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळा सीबीएसई. अशा घरांत मेडिकलचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि आमच्याकडे तो पुण्याच्या आत्याने विचारला. "अगं, बी.जे. भर ना! माझ्याकडे राहशील, घरचं जेवण मिळेल." बी.जे. म्हणजे पुण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. आत्याचा जीव आहे माझ्यावर, आणि मलाही पुणं आवडतं. पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी तिथलं डोमिसाइल लागतं, आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. आपण मराठी असणं तिथे मोजत नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांना महाराष्ट्रातलं सरकारी कॉलेज हवं असेल तर एकच मोठा रस्ता आहे, तो म्हणजे ऑल इंडिया कोट्यातल्या १५ टक्के जागा. तिथे पुण्या-मुंबईची नावाजलेली कॉलेजं खुल्या गटात पहिल्या काही हजार रँकांतच भरतात. माझी रँक त्याच्या पुष्कळ खाली होती. डीम्ड, म्हणजे बहुतेक खासगी, विद्यापीठांचा पर्याय होता, पण त्यांची फी वर्षाला वीस लाखांच्याही वर जाते. नोंदणी करतानाच दोन लाख अनामत भरावी लागते. बाबा बँकेत कारकून आहेत. तो विषय मीच पहिल्या दिवशी संपवला.

आत्याची दुसरी शंका, "तिकडे आता हिंदीत शिकवतात ना?" मध्य प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तकं आणली, हे खरं आहे. पण इंग्रजी बंद झालेलं नाही. पुस्तकं इंग्रजी आणि सर समजावताना हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात, असं मला प्रत्येक सीनियरने सांगितलं.

तरीही ऑल इंडियाचा फॉर्म मी भरला. एक हजार नोंदणीचे आणि दहा हजार अनामत, खुल्या गटासाठी. सीट मिळाली नाही तर अनामत परत येते, आणि माझी आली. भरायचा तो यासाठी की राज्याची आणि केंद्राची काउन्सिलिंग, म्हणजे जागावाटप, वेगवेगळी चालते, एकात नाव असल्याने दुसऱ्यातला हक्क जात नाही. खरी लढाई राज्याच्या ८५ टक्क्यांची. तिला इथला मूल निवासी, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा, दाखला लागतो, आणि तो दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. निकालानंतर लोकसेवा केंद्रात कशी गर्दी उसळते ते मी पाहिलंय.

आता यादी. या एका विषयावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही याच विषयावर ऐकले. शेजारच्या काकांनी अगदी कळकळीने सांगितलं, "इंदूर, भोपाळ वर टाकू नकोस, तुझा नंबर लागणार नाही, चॉइस वाया जाईल. जे मिळणार आहे तेच पहिलं लिही." माझ्या क्लासमधल्या दोघांच्या घरीही असंच बोलत होते. हे साफ चूक आहे, आणि का चूक ते समजून घेण्यासाठी अलॉटमेंट कशी होते ते बघावं लागतं. कॉम्प्युटर मेरिट लिस्टमध्ये वरून खाली जातो. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून वाचतो, आणि त्या क्षणी ज्या पहिल्या कॉलेजात तुमच्या कॅटेगरीची जागा शिल्लक असेल ती तुम्हाला देतो. इंदूर भरलं असेल तर पुढचं नाव, ते भरलं असेल तर त्याच्या पुढचं. तुमच्या मागे असलेल्या मुलाने रतलाम पहिलं लिहिलं आणि तुम्ही सातवं लिहिलं, तरी रतलामची जागा आधी तुम्हालाच विचारली जाते. म्हणजे न मिळणारं कॉलेज वर लिहून काहीच जात नाही. जातं ते उलट केल्याने. हवं असलेलं कॉलेज खाली लिहिलं आणि त्याच्या वरचं मिळालं, तर खालचं कोणी विचारतसुद्धा नाही.

म्हणून यादीचा क्रम आपल्या मनातला खरा क्रम असला पाहिजे. गेल्या वर्षीचा कटऑफ बघायचा तो कितपत आशा धरायची आणि यादी किती लांब ठेवायची हे ठरवायला, क्रम ठरवायला नाही. मी गेल्या वर्षीच्या अलॉटमेंटच्या याद्या डाउनलोड केल्या आणि फक्त माझ्या कॅटेगरीचे शेवटचे क्रमांक वहीत उतरवले, पहिल्या फेरीचे वेगळे, दुसऱ्या फेरीचे वेगळे. दोन फेऱ्यांतला फरक बघण्यासारखा असतो.

पण मनातला खरा क्रम कुठला? तो माझा मलाच ठाऊक नव्हता. इंदूरचं एमजीएम पहिलं, यात घरात वाद नव्हता. २५० जागा, एम.वाय.सारखं हॉस्पिटल, घरापासून वीस मिनिटं. दुसरं भोपाळचं गांधी मेडिकल. त्यानंतर गाडी अडली. बाबांचं म्हणणं, तिसरं रतलाम आणि चौथं खांडवा लिही, दोन्हीकडून शनिवारी घरी येता येईल. आईचं म्हणणं, इंदूरमधलंच खासगी कॉलेज सरकारी दूरच्या कॉलेजांच्या आधी लिही, कर्ज काढू. आजीचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं. तिच्यासाठी गजराराजा हे तिथल्या मेडिकल कॉलेजचं नाव नंतर, आधी महाराज जिवाजीराव शिंद्यांच्या मातोश्रींचं. गजराराजांच्या मुलीच्या नावाने कमलाराजा हॉस्पिटल, तेही तिथेच. आजीला वाटायचं, तिथे मी परकी होणार नाही.

खासगीचा हिशोब मी आईला कागदावर मांडून दाखवला. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाखाच्या आसपास. खासगीत आठ-दहा लाखांपासून पुढे, त्यावर इतर खर्च. साडेचार वर्षांची फी, मग वर्षभर इंटर्नशिप, आणि कर्जाचं व्याज त्या सगळ्या काळात चढत राहणार. पुढे पीजी करायचं म्हणजे कमाई आणखी लांब. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे, सीबीएसईला ८५ टक्के किंवा राज्य बोर्डाला ७० टक्के असतील आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर सरकार फी भरतं, राज्यातल्या खासगी मेडिकल कॉलेजचीसुद्धा. ज्यांना ती लागू होते त्यांनी हा हिशोब नक्की वेगळा करावा, मात्र सेवेच्या बाँडच्या अटी नीट वाचून. आम्हाला ती लागू होत नव्हती. आईने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "खासगी सगळ्यात शेवटी लिही, पण लिही."

रतलाम-खांडव्याचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. बाबांबरोबर मी दोन्हीकडे जाऊन आले. इमारती नव्या, वर्ग स्वच्छ, मोठमोठ्या खिडक्या. जुन्या कॉलेजांच्या मानाने डोळ्यांना छानच वाटतं. ही कॉलेजं जिल्हा रुग्णालयाला जोडून नवी कॉलेजं काढायच्या केंद्राच्या योजनेतून उभी राहिली. रतलाम २०१८ चं. आणि पदवी कुठेही तीच. राज्यातली ही सगळी कॉलेजं जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, परीक्षा एकच, प्रमाणपत्र एकच. बाबांचा मुद्दा हाच होता.

मग मी इमारतींकडे बघणं सोडून सीनियर्सना फोन करायला लागले. ओळखीतून ओळख काढत सहा-सात कॉलेजांतल्या मुलींशी बोलले. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की सगळ्या "छान आहे" म्हणतात, म्हणून प्रश्न बदलले. मेडिसिन वॉर्डात एका वेळी साधारण किती पेशंट असतात? रात्री अपघाताची केस आली तर तुमच्याकडे घेतात की मोठ्या शहरात पाठवतात? कुठल्या विभागात पीजी आहे? पोस्टिंगमध्ये तुम्हाला हात लावू देतात की नुसतं मागे उभं करतात? अॅनाटॉमीत एका बॉडीवर किती मुलं? पहिल्या वर्षाच्या मुलींना हॉस्टेल मिळतं का, आणि ते हॉस्पिटलपासून किती लांब? उन्हाळ्यात पाणी येतं का?

रेफर करण्याच्या प्रश्नाने माझा निर्णय झाला. एका नव्या कॉलेजातली ताई अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "गंभीर केस बहुतेक इंदूरला जाते गं." जुन्या कॉलेजांतल्या मुली सांगत होत्या की चार-पाच जिल्ह्यांतून त्यांच्याकडे केस येते, तिथून पुढे जायला जागाच नसते. रीव्यात विंध्याचा सगळा भाग येतो. जबलपूरला आजूबाजूच्या आदिवासी जिल्ह्यांतले पेशंट येतात, क्षयरोगासाठी आणि छातीच्या विकारांसाठी तिथे वेगळी मोठी संस्था आहे, कॅन्सरचीही. मला सर्जन व्हायचंय की फिजिशियन हे आज माहीत नाही. पण ज्या वॉर्डातून पेशंट पुढे पाठवला जातो त्या वॉर्डात शिकण्यापेक्षा जिथे तो पोहोचतो तिथे शिकायचं, हे मला कळलं होतं. नव्या कॉलेजांबद्दल मनात काही वाईट नाही. पीजी कमी असल्यामुळे तिथल्या इंटर्नना काम जास्त हाताळायला मिळतं, हेही त्याच ताईने सांगितलं, आणि पाच-सात वर्षांत चित्र बदललेलं असेल.

बाबांना हे पटवायला वेळ लागला. अंतराची काळजी त्यांची खरी होती. रीवा म्हणजे रात्रभराची गाडी, ग्वाल्हेर तसंच. जबलपूरला ओव्हरनाइट आहे, संध्याकाळी बसलं की सकाळी तिथे. मी त्यांना म्हटलं, "बाबा, पहिल्या वर्षानंतर शनिवारी-रविवारी तसंही वॉर्ड असणार. रतलामला असले तरी दर आठवड्याला येणार नाही." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वहीत क्रम लिहिला: इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा, सागर, मग रतलाम, खांडवा, विदिशा आणि बाकीची सरकारी, शेवटी खासगी. ग्वाल्हेर जबलपूरच्या वर ठेवलं ते आजीसाठीच. दोन्ही मला सारखीच वाटत होती, तेव्हा नात्यातली माणसं जवळ असणं हे चांगलं कारण होतं.

ग्रामीण सेवेच्या बाँडबद्दल घरात थोडी भीती होती. राज्यातल्या सरकारी कॉलेजातून शिकलं की पदवीनंतर वर्षभर सरकार सांगेल तिथे काम, नाहीतर बाँडची रक्कम भरा. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. लोकांच्या पैशावर शिकायचं तर एक वर्ष द्यायला हवं.

पहिल्या फेरीत रीवा मिळालं. तिथे जाऊन प्रवेश घेतला आणि अपग्रेडेशनला, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतलं वरचं कॉलेज मिळालं तर ते घ्यायला, होकार दिला. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: अपग्रेड झालं की आधीची सीट आपोआप जाते, "नको, पहिलंच द्या" म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत मी फक्त इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर ठेवलं. आईने विचारलं, "रतलाम का नाही? जवळ आहे." कारण मला रीवा रतलामपेक्षा जास्त हवं होतं, आणि यादीत रतलाम टाकलं असतं तर रीवा हातचं गेलं असतं. ज्यांच्याकडे आधीच सीट आहे त्यांनी त्या सीटपेक्षा खरोखर वरचीच नावं लिहावीत. लॉक करून प्रिंट काढलं, त्यावर बाबांनी तारीख घातली.

दुसऱ्या फेरीत जबलपूर आलं. ग्वाल्हेर थोडक्यात हुकलं. आजी जरा गप्प झाली आणि मग जबलपूरला कोण-कोण ओळखीचं आहे ते आठवायला बसली. हजर होण्याची मुदत फार कमी असते, आणि माझे मूळ कागद रीव्याला जमा होते. आधी तिथे जाऊन ते सोडवून घेतले, दहावी-बारावीच्या मार्कशीट, मूल निवासी, टीसी, सगळं मोजून. तिथूनच जबलपूरची गाडी धरली आणि मुदतीच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहिले.